मोरीच्या पोत्यातला दिवा

आमच्या उंब्रजच्या घराला त्या वर्षी गोठा होता आणि म्हैस नव्हती. वाचायला हे साधं वाक्य आहे, पण माझ्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, ते गावात तोंड दाखवायला लाज वाटावी असं वाटायचं. तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रिकामी जागा दिसली की त्यांना बेचैन व्हायचं. तिथे एक तर माणूस उभा करावा, नाही तर झाड लावावं, नाही तर म्हैस बांधावी, असं त्यांचं मत. आमची आधीची म्हैस म्हातारपणाने गेली होती आणि नवी यायच्या आतच मी पुण्याची नोकरी सोडून घरी परत आले होते. गोठ्यावर मी हक्क सांगितला. सव्वीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, बिनलग्नाची पोरगी गोठा मागते आहे, हे ऐकून आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसायला गेली की रडायला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुण्यात मी कॉम्प्युटरवर बाटल्यांच्या झाकणांची डिझाइनं काढत असे. शाम्पूचं झाकण, तेलाचं झाकण, आणि बढती मिळाल्यावर फिनेलचं झाकण. बाकीच्या मुली वयात आल्या, संसाराला लागल्या, तोवर मी झाकणांचे आटे मोजत बसले होते. त्यामुळे माझं वाढणं जरा उशिराच सुरू झालं आणि ते गोठ्यात सुरू झालं. हे प्रकरण त्या वाढण्याचं आहे. ज्यांना पाळण्यापासून गोष्ट हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं पुस्तक बघावं.

मला दिवे करायचे होते. आमच्याकडच्या एकूण एक घरांत ट्यूबलाइट. त्या उजेडात माणसं आजारी दिसतात आणि ताजी आमटी शिळी दिसते. नवरीमुलगी बघायला आलेली माणसं त्याच उजेडात बघून परत जातात आणि मग दोष मुलीच्या रंगाला! माझ्या मनात होतं, की ज्या घराचा दिवा त्याच घरातल्या मोडक्यातोडक्या प्लास्टिकचा करावा आणि त्याचं रूप त्या घरातल्या माणसांवरून ठरवावं. एकासारखा दुसरा करायचा नाही. एकाच झाकणाची लाखांवर पिल्लं निघताना बघून आलेल्या बाईला असं वाटणं साहजिक होतं.

तात्यांनी खाटेवर बसून हुकूम सोडला. आमच्याच घरात वाढलेली माझी चुलतबहीण रूपा, तिचं लग्न सांगलीला ठरलं होतं. "रूपाच्या लग्नापातूर गोठा तुझा. लग्न झालं की म्हैस येनार. ती दावनीला बांदायच्या आत भावकीभायेरच्या एका तरी शाण्या मानसानं आपनहून म्हनलं पायजे, मला असला दिवा करून द्या. तर म्हैस कॅन्सल. न्हाईतर गोठा खाली. समजलं, वैजू?"

"समजलं."

"जोरात."

"समजलं, तात्या!"

आता आक्का. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आली ती कायमची, आणि आल्या दिवसापासून घर तिच्या हुकमाखाली होतं. हवालदारसुद्धा. आक्काने उभ्या आयुष्यात काही टाकलं नव्हतं. फुटकी घागर, बिनकानाची बादली, तेलाचे कॅन, सगळं माळ्यावर जपून. कारण गावात भंगारवाला यायचा तो प्लास्टिकच्या बदल्यात लसूण द्यायचा. "मोडकं प्लाश्टिऽऽक, फुटकी बादलीऽऽ, लसूण घ्याऽऽ!" ही आरोळी आली की बायका हातातली भाकरी तव्यावर टाकून धावायच्या. त्याच्याशी घासाघीस करणं ही आक्काची करमणूक होती. चार पाकळ्या जास्त मिळाल्या, की दिवसभर तिची चाल बदलायची.

मी माल गोळा करायला गावात फिरले तेव्हा बायकांनी एकच विचारलं, "लसूण किती देनार?" झालं. घरचा लसूण गावात गेला. त्या हंगामात आमच्याकडे खरडा बिनलसणाचा, आमटी बिनलसणाची, आणि शेंगदाण्याची चटणी तर नुसता भुगा. तात्या पहिला घास घेऊन ताटाकडे बघत बसायचे. "फौजेत असतानाबी एवढी उपासमार न्हवती," म्हणायचे. पण बोललेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही.

माल आला तसा आक्काने ताबा घेतला. तिने गोठ्यात तीन पोती उभी केली. एक देवाचं, एक चुलीचं, एक मोरीचं. कापराच्या डब्या, तेलवातीच्या बाटल्या, उदबत्तीच्या नळ्या देवाच्या पोत्यात. बरण्या, डबे, गाळण्या चुलीच्या. बादल्या, फिनेलचे कॅन आणि टमरेलं मोरीच्या. नव्या पिढीला टमरेल सांगावं लागतं. संडासला जाताना हातात न्यायचं ते. मी आक्काला समजावलं, की प्लास्टिकचे प्रकार वेगळे असतात, पाण्यात काय तरंगतं, काय बुडतं, जळताना वास कसा येतो, त्यावरून निवडायचं असतं. एका प्रकारचं दुसऱ्यात विरघळत नाही.

"आगीतून काढलं की सगळं शुद्धच की, आक्का. सोनं नाही का?"

"टमरेल सोनं हाय व्हय गं?" आक्का म्हणाली, आणि विषय संपला. सव्वीस वर्षांची असले तरी आक्कापुढे मी सहा वर्षांचीच होते.

मग काम सुरू झालं. वैरण कापायची कडबाकुट्टी गोठ्यात होतीच. तिच्यात मी वैरणीऐवजी बरण्या घातल्या. तो आवाज! हायवेवरचे ट्रक गप्प वाटावेत असा. शेजारची कुत्री पहिल्या दिवशी पळाली ती तिसऱ्या दिवशी आली. रंगीत चुरा उडून माझ्या केसांत, आईच्या पिठात, तात्यांच्या मिशीत. तो चुरा पत्र्याच्या तव्यात पसरून बंद पडलेल्या बेकरीच्या भट्टीत वितळवायचा आणि दोन लोखंडी पाट्यांमध्ये घालून ट्रकच्या जॅकने दाबायचा. गार झालं की पातळ तक्ता निघायचा. तो घेऊन एसटीने कराड आणि तिथून मलकापूर.

मलकापुरात मिलिंददादाचं वर्कशॉप होतं. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी कोरीवकामाची मशीन होती. आपण स्क्रीनवर काढावं आणि मशीनच्या टोकाशी गरगरणाऱ्या पात्याने तसंच लाकडात कोरावं. देवघरांच्या जाळ्या, दारांवरचे मोर, विहारासाठी धम्मचक्र, सगळं तो करायचा आणि वर स्वतःची तारीफही करायचा. "सातारा जिल्ह्यात असली फिनिशिंग दाखव, नाव बदलतो." पुण्याहून शिकून आलेला, गॉगल डोक्यावर, बोलायला तिखट. माझी कल्पना ऐकून तो पंधरा मिनिटं हसला आणि सोळाव्या मिनिटाला म्हणाला, "आण तक्ता."

पहिला तक्ता बघायला तो स्वतः उंब्रजला आला होता. आक्काने चहा केला. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक पिवळा प्लास्टिकचा मग उपडा असायचा. चांगला धडधाकट, कुठे टवकासुद्धा नाही. तो कुणासाठी, हे घरात कधी बोललं जात नसे, बोलायची गरजच नसे. आक्काने चहा त्यात ओतला. मिलिंददादाने मगाकडे बघितलं, चहा प्याला, नळावर मग धुतला, पुन्हा कोनाड्यात उपडा ठेवला आणि मोटरसायकलला किक मारली. माझे कान तापले होते. पण मी तक्ता पुसत राहिले.

रूपासाठीच्या दिव्याचं रूप मी आक्काच्या वाकळीवरून काढलं होतं. आक्का वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायची. जुन्या लुगड्यांचे तुकडे, कडेपासून आत वळत जाणारे धावदोरे, मध्यावर शेवटचा टाका. मी तेच धावदोरे तक्त्यात फटींच्या रूपाने कोरायचं ठरवलं. तुटक रेघांमधून उजेड यावा आणि तक्ते एकमेकांत अडकवले की घागरीसारखा गोल व्हावा. एलईडीचे बल्ब तेव्हा गावात नुकते आले होते. ते तापत नाहीत, म्हणून प्लास्टिकजवळ चालायचे. हा दिवा रूपाच्या रुखवतात टांगायचा, सांगलीकरांनी बघायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, मलाही हवा. असा माझा बेत. नाही तर म्हैस.

देवाच्या पोत्यातला तक्ता भट्टीतून निघाला तो पापडासारखा वाकडा, मध्ये फोड आलेला. चुलीच्या पोत्यातला दिसायला देखणा निघाला. तो घेऊन मी मलकापूरला गेले तेव्हा आक्का बरोबर आली. तिला बघायचं होतं, की तिचे टाके मशीन कसे घालते. मशीन फिरायला लागली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. आक्का पुढे वाकून बघत होती, ओठ हलत होते, टाके मोजत असावी. तिसऱ्या ओळीला कट् असा आवाज आला आणि तक्ता मधोमध फुटला.

मिलिंददादाने तुकडे हातात घेऊन वास घेतला. "तीन प्रकारचा माल आहे यात. निवडला कुणी?"

मी आक्काकडे बघितलं नाही. पण आक्का खोटं बोलणारी नव्हती. "मी निवाडला. देवाचं येगळं, चुलीचं येगळं, मोरीचं येगळं."

मिलिंददादाने गॉगल डोक्यावरून काढला आणि पुसत बसला. मग शांतपणे म्हणाला, "आक्का, माणसांना लावली ती लावली. आता प्लास्टिकलाबी जात लावली का तुमी?"

मशीन थांबली होती. बाहेर कुणीतरी लाकडाचे वासे उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता.  परतीच्या एसटीत खिडकीला बसून आक्का उसाची शेतं बघत राहिली. उंब्रजच्या फाट्यावर उतरतानाही तिने माझा हात धरला नाही. एरवी धरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा आक्का कडबाकुट्टीपाशी उभी होती. पुढ्यात मोरीचं पोतं. गंमत अशी, की बादल्या, कॅन, टमरेलं हा सगळा माल जवळजवळ एकाच प्रकारचा होता. आमच्या घरातलं सगळ्यात एकजीव प्लास्टिक मोरीत होतं! आक्काने पोत्यात हात घातला नाही. ती कोनाड्याकडे गेली, पिवळा मग घेतला आणि माझ्या हातात दिला.

"आदी हा घाल."

"आक्का, हा चांगला आहे की. मोडलेला नाही."

"म्हनून तर घाल म्हनती."

मी घातला. तेवढ्याशा मगाचा आवाज तो केवढा! मग आक्काने घरचं पोपटी टमरेल उचललं, क्षणभर विचार केला, आणि तेही टाकलं. "आता सुरुवात केलीच हाय तर," म्हणाली. त्यावर शकूकाकीची बादली गेली. शकूकाकी आमची शेजारीण. तिची बादली राणी रंगाची, आत चंदेरी चमकी, म्हसवडच्या जत्रेतून आणलेली. तशी गावात दुसरी नव्हती. बाकी सगळे पांढरे कॅन.

तक्ता निघाला. दुधी पांढरा, त्यात पिवळे, पोपटी, राणी रंगाचे तुकडे, मध्येच चमकी. मशीनवर एकही ओळ तडकली नाही. कापलेले तक्ते घेऊन मिलिंददादा घरी आला तेव्हा आक्काने चहा केला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गुलाबाच्या फुलांच्या कपातून त्याला दिला. त्याने कपाकडे बघितलं. मग कोनाड्याकडे बघितलं. "साखर कमी आहे," म्हणाला. आक्काने साखर घातली. याहून जास्त बोलणं त्या विषयावर त्या दोघांत कधी झालं नाही. आता दादाच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, पण आमच्याकडे आला की चहाला नाव ठेवल्याशिवाय पीत नाही.

लग्न सांगलीत, कार्यालयात. रुखवताच्या टेबलावर शेवया, सांडगे, करंज्यांची परडी, तांदळाच्या दाण्यांचा गणपती, आक्काची नवी वाकळ, आणि वर टांगलेला माझा दिवा. बटण दाबलं तेव्हा धावदोऱ्याच्या टाक्यांसारखा उजेड भिंतींवर फिरत गेला आणि बायकांच्या चेहऱ्यांवर सकाळचं ऊन पडल्यासारखं झालं. नकळत दोघीतिघींनी हात जोडले. मुहूर्ताला अजून वेळ होता. रूपाच्या सासूबाई रुखवत बघायला आल्या. सांगलीत हळदीचा व्यापार असलेलं घर, उंच बांधा, ठसठशीत नथ, आणि सगळ्या गोष्टींकडे माल तपासावा तसं बघायची सवय. दिव्याखाली त्या थांबल्या.

"ह्यो कुठनं आनला? मुंबईचा?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी मागून शकूकाकीची आरोळी आली.

"अगं बया! ही तर माझी बादली!"

"कसली बादली?" सासूबाईंनी विचारलं.

"मोरीतली वो! म्हसवडच्या जत्रंतली. बूड फुटलं तवा वैजूनं लसूण देऊन नेली. ती बगा, ती बगा चमकी! चार वर्सं आंघूळ केली मी तिच्यात!" शकूकाकीचा ऊर अभिमानाने भरून आला होता. आपली बादली रुखवतात चढली, याहून मोठा मान तिला माहीत नव्हता.

बाहेर बेंजोवाल्यांनी नेमकं तेव्हाच थांबायचं ठरवलं. त्या शांततेत सासूबाईंचा आवाज हॉलभर गेला. "मोरीतलं सामान लेकीबरूबर देतासा व्हय? उतरवा ते."

तात्या भिंतीशी सावधान उभे होते. खोलीच्या दारातून मुंडावळ्या बांधलेली रूपा डोकावली आणि तिचा चेहरा पडला. आणि मी? खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे म्हैस उभी राहिली. रवंथ करत.

आक्का पुढे आली. तिने टेबलावरची वाकळ उचलून सासूबाईंच्या हातात दिली. "हात लावून बगा."

"मऊ हाय."

"जुन्याची हाय म्हनून मऊ हाय. हे माझ्या आईचं लुगडं. हे भावाचं धोतर. ही शेजारणीची चोळी. हे रूपाचं दुपटं, ते किती डाव भिजलं ते इचारू नगा. वाकळंत कुनाकुनाचं काय हाय, पांघरताना इचारतासा का कवा?" आक्काने दिव्याकडे बोट केलं. "हीबी वाकळच हाय. प्लाश्टिकची. धुऊन, कापून, आगीतनं काढून केलेली. माझ्या हातची वाकळ घरात घेनार आसाल तर हिलाबी घ्या. न्हाईतर दोन्ही ठिवून जावा."

सासूबाई बराच वेळ वाकळीवरून बोट फिरवत राहिल्या. मग मान वर करून दिव्याकडे बघितलं. "त्यो पोपटी रंग ब्येस हाय. त्यो कुनाकडचा?"

मला टमरेल आठवलं.

"आमच्याच घरचा," आक्का म्हणाली. "रोजच्या वापरातला."

भटजींनी मुलीच्या मामाला हाक मारली, बेंजो सुरू झाला, आणि त्या गडबडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग."

परतीच्या वाटेवर तात्या ड्रायव्हरशेजारी बसून समोर बघत बोलले, "चालवून घेनं येगळं, मागनं येगळं. आर्डर काय हुती?" ऑर्डर मला पाठ होती. दुसऱ्याच दिवशी ते म्हैस ठरवून आले. मी कडबाकुट्टी पुसली, तिच्या दातांत अडकलेला रंगीत चुरा काडीने काढला. आई त्या दिवशी लसूण घालून आमटी करत होती. मी जेवले नाही.

मांडवपरतणीच्या दिवशी रूपा माहेरी यायची होती. आधी म्हशीचा टेम्पो आला. म्हैस उतरली. काळीभोर, शिंगं वळलेली, देखणी, मी खोटं का बोलू. तात्या दावं धरून तिला गोठ्याकडे नेत होते, एवढ्यात दारात जीप थांबली. रूपा उतरली, आणि तिच्यामागून स्वतः सासूबाई. त्यांच्या ड्रायव्हरच्या खांद्यावर एक पोतं. हळदीच्या पोत्यात हळद असणार, असं आम्हाला वाटलं. आईने पायांवर पाणी घातलं, बसा म्हटलं, पण त्या बसेनात.

"दिवेवाली कुठं हाय?"

मी पुढे झाले.

"आमच्या दुकानामागं एक खोली हाय. मी आन् माझी जाऊ दुपारभर हळद निवडत तिथं बसतो. खिडकी न्हाई. ट्यूबच्या उजेडात हळद कंची आन् दगूड कंचा, कळत न्हाई. परवा रूपाच्या खोलीत तुज्या दिव्याखाली सूप घेऊन बसले, तर तासाभरात पायलीभर निवडून झाली. तसला एक करून दे. पन आमच्या घरच्या सामानाचा. लोकाच्या बादल्या नगं."

त्यांनी पोतं अंगणात पालथं केलं. हळदीने कायमचे पिवळे झालेले डबे, फुटकं सूप, नातवंडांची खेळण्यातली मोटार, आणि सगळ्यांत शेवटी, घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलेलं, राखेने घासून लख्ख केलेलं निळं टमरेल.

सासूबाई अंगणातल्या सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाल्या, "आता नाकं मुरडू नगासा. वाकळंत सगळं चालतं, आसं तुमच्याच आक्का म्हनल्या."

आक्काने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की त्याची खूण आठवडाभर होती. तिचा चेहरा मात्र देवळातल्यासारखा गंभीर. त्यानंतर कितीतरी वर्षं, सांगलीला गेलो की संध्याकाळी सासूबाई रूपाचा दिवा लावायच्या, त्याला हात जोडायच्या, पोपटी रंगाचं कौतुक करायच्या, आणि आक्का दर वेळी त्याच दंडाला चिमटा काढायची. हे पुस्तक सांगलीत कुणी नेऊ नये, ही वाचकांना विनंती.

तात्या म्हशीचं दावं तसंच हातात धरून पुढे आले. त्यांनी वाकून टमरेल उचललं, बंदुकीची नळी तपासावी तसं एक डोळा मिटून उन्हात धरलं आणि आत बघितलं. मग सासूबाईंकडे वळले.

"इहीनबाई, तुमी आमच्या सोयऱ्या. भावकी न्हाई. बरूबर?"

"बरूबर."

"आन् हे आपनहून म्हनतासा? कुनी शिकवून पाठवलं न्हाई?"

"मला कोन शिकवनार?"

तात्यांनी टमरेल माझ्या हातात दिलं आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. "म्हैस परत!"

तात्या पुढून ओढत होते, टेम्पोवाला मागून ढकलत होता, रूपा नव्या साडीत टाळ्या वाजवत होती. म्हैस मात्र जागची हलेना. चारी पाय रोवून ती गोठ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला जागा पसंत पडली होती.